डिझेल पिकअपमध्ये जादा गेज बसवताना: आधी प्रोबची जागा, मग डायलची

पिकअपच्या मूळ डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा असतो, पण बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या टप्प्यात जागचा हलणार नाही अशीच त्याची रचना केलेली असते, आणि तो हलू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) दाब, एक्झॉस्टमधल्या वायूचे तापमान आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाचे तापमान या तीन गोष्टींवर जड ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते, आणि त्यांचा काटा मूळ डॅशबोर्डवर क्वचितच असतो. म्हणून वेगळे गेज बसवावे लागतात. हे काम एका सुट्टीच्या दिवसात होण्याजोगे आहे, मात्र त्यातला एक भाग असा आहे की तिथे घाई केल्यास टर्बोच जाऊ शकतो. त्या भागाविषयी मी अधिक विस्ताराने लिहिणार आहे.

बहुतेक जण डायल कुठे शोभेल याचा विचार आधी करतात. क्रम उलटा हवा. गेज फक्त त्याच जागेची खबर देते जिथे त्याचा प्रोब, म्हणजे मोजणी करणारे टोक, बसलेला असतो, त्यामुळे प्रोबची जागा चुकली तर महागडे गेजही दिशाभूलच करते. एक्झॉस्टचे तापमान टर्बोच्या आधी, म्हणजे सिलिंडरचे वायू गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये मोजावे. टर्बोनंतरच्या पाइपात प्रोब बसवणे सोपे आणि निर्धोक असते हे खरे, पण टर्बोचे चाक, म्हणजे टर्बाइन, फिरवताना वायूची उष्णता खर्च होते आणि भर लोडवर तिथले तापमान मॅनिफोल्डपेक्षा 100 ते 150 अंश सेल्सिअसने किंवा त्याहूनही अधिक कमी दिसते. लोड हलका असताना हाच फरक अगदी थोडा असतो, म्हणून ठरावीक आकडा मिळवून खरे तापमान काढता येत नाही. ॲल्युमिनियमचे पिस्टन असलेल्या इंजिनात मॅनिफोल्डमधले तापमान सलग 700 अंशांच्या वर राहू देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते हे लक्षात घेतले की या संकेतामागचे कारण कळते. वायू जेवढा तापतो तेवढा पिस्टन लगेच तापत नाही, पण लांब चढणीवर त्याला तापायला भरपूर वेळ मिळतो.

मॅनिफोल्डवर जागा निवडताना सगळ्या सिलिंडरचे वायू जिथे एकत्र येतात, टर्बोच्या तोंडाच्या अलीकडचा तो भाग शोधावा. काही मॅनिफोल्ड आतून दोन कप्प्यांचे असतात. तिथे प्रोब ज्या कप्प्यात असेल त्याच सिलिंडरचे तापमान कळेल, हे ध्यानात ठेवावे. जागा सपाट असावी, ड्रिल सरळ धरता यावे, आणि नंतर पाना फिरवायला आजूबाजूला मोकळीक राहावी.

आता त्या नाजूक भागाकडे येऊ. मॅनिफोल्ड साधारणपणे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो आणि भोक पाडताना त्याचा बारीक चुरा पडतो. हा चुरा आत राहिला तर इंजिन सुरू होताच थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो, आणि ती पाती मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असतात. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे मॅनिफोल्ड किंवा टर्बो उतरवून भोक पाडणे. दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीसाठी टर्बो उतरणारच असेल तर तोपर्यंत थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. थांबणे शक्य नसेल तर इंजिन पूर्ण थंड असताना पुढीलप्रमाणे काम करावे.

सेंटर पंचने खूण करावी, आधी 4 ते 5 मिलिमीटरच्या बारीक ड्रिलने सुरुवात करावी आणि ड्रिलच्या टोकाला जाडसर ग्रीस भरावे. ग्रीस इथे ड्रिल थंड ठेवण्यासाठी लावलेले नसते, चुरा धरून ठेवण्यासाठी असते. दोन-तीन मिलिमीटर आत गेले की ड्रिल बाहेर काढून पूर्ण पुसावे, ताजे ग्रीस भरावे आणि पुन्हा सुरुवात करावी. भोक आरपार होण्याच्या बेतात आले की आवाज बदलतो आणि हाताला ड्रिल किंचित ओढल्यासारखे जाणवते. त्या क्षणी दाब सोडून अगदी हळू फिरवावे, कारण आत पडणारा चुरा मुख्यतः या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमधलाच असतो. प्रोबच्या फिटिंगला बहुधा 1/8 इंच एनपीटी (अमेरिकी पाइपमापाचे निमुळते) आटे असतात आणि त्यासाठी सुमारे 8.7 मिलिमीटरचे ड्रिल लागते. टॅपलाही, म्हणजे आटे पाडणाऱ्या हत्यारालाही, तसेच ग्रीस भरावे, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे फिरवावे. हे आटे निमुळते असल्याने टॅप जितका खोल जाईल तितके भोक रुंद होत जाते. म्हणून दर दोन फेऱ्यांनंतर टॅप काढून फिटिंग लावून पाहावी. ती हाताने तीन-चार फेरे जाऊन घट्ट होऊ लागली की थांबावे. शेवटी बारीक नळी जोडलेल्या व्हॅक्यूमने आणि ग्रीस लावलेल्या चुंबकाच्या काडीने आतला भाग दोन-तीनदा साफ करावा. बीड चुंबकाला चिकटते, त्यामुळे काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवता येते.

फिटिंगच्या आट्यांना जास्त तापमानाचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावावे. टेफ्लॉन टेप इथे चालत नाही, कारण ती 260 अंशांच्या पुढे टिकत नाही. प्रोबचे टोक वायूच्या प्रवाहाच्या साधारण मध्यभागी यावे, समोरच्या भिंतीला टेकू नये.

प्रोबपासून गेजपर्यंत येणारी वायर साधी नसते. एक्झॉस्टचा प्रोब हा बहुधा के प्रकारचा थर्मोकपल असतो; त्यामध्ये दोन वेगवेगळ्या मिश्रधातूंच्या तारा असतात आणि अंशामागे जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट इतका विद्युतदाब तयार होतो. एकदा वायर कमी पडली म्हणून मी इंजिनच्या कप्प्यातच तांब्याच्या वायरचा जोड दिला होता. गेज चालू होते, काटा नीट हलत होता, म्हणून काही महिने मला शंकाही आली नाही. प्रत्यक्षात जोडाची जागा 80 अंशांवर आणि केबिनमधले गेज 30 अंशांवर असेल तर काटा जवळपास 50 अंश कमी दाखवतो, आणि इंजिनचा कप्पा जितका तापेल तितकी ही चूक वाढत जाते. म्हणजे काळजी करण्याची वेळ येते नेमकी तेव्हाच गेज धीर देते. वायर कमी पडली तर त्याच प्रकारची थर्मोकपल वायरच जोडावी आणि जास्त असेल तर निर्मात्याच्या सूचनेत परवानगी असल्याशिवाय कापू नये, गुंडाळून बांधावी. अमेरिकी रंगपद्धतीत या वायरमधली लाल तार ऋण आणि पिवळी धन असते. सवयीने लाल तार धन समजून जोडल्यास तापमान वाढताना काटा खाली जातो.

टर्बोच्या दाबासाठी नळी किंवा सेन्सर इंटरकूलरनंतर (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या कूलरनंतर), इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर जोडावा, म्हणजे इंजिनात प्रत्यक्ष पोहोचणारा दाब कळतो. गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागातून) कूलरकडे जाणाऱ्या नळीवर घेतल्यास काटा खूप वर-खाली होतो. तेलाच्या पॅनमधले तापमान स्थिर असते. रोजच्या वापरासाठी मी पॅन पसंत करतो. इंधनाच्या दाबाचे गेज लावायचे असेल तर ते फक्त टाकीकडच्या कमी दाबाच्या बाजूला लावावे. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीच्या, बाजूला 1600 ते 2000 बार इतका दाब असू शकतो आणि तिथली बारीक गळतीही कातडीच्या आत इंधन घुसवते, म्हणून तिथला एकही नट सैल करू नये. इंधन किंवा इंजिन ऑइल भरलेली नळी केबिनमध्ये आणू नये. त्यासाठी विजेवर चालणारा सेन्सर घ्यावा.

वायरिंगआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. अनेक डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या असतात, त्या वेळी दोन्हींचे काढावे. वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) नेताना आधीच असलेल्या ग्रोमेटचा, म्हणजे भोकातल्या रबरी कडीचा, उपयोग करावा. नवे भोक पाडल्यास त्यातही ग्रोमेट बसवावा, कारण पत्र्याच्या उघड्या कडेवर वायरचे आवरण घासून फाटते. चावी फिरवल्यावरच वीज मिळणारा फ्यूज मल्टिमीटरने शोधून तिथून वेगळ्या फ्यूजसह वीज घ्यावी. सगळ्या गेजची अर्थिंग एकाच ठिकाणी, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर द्यावी. एकाच वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळते, त्यामुळे त्यावर जाड टेप गुंडाळल्यास काटा भरकटतो.

डायलची जागा आता ठरवावी. 52 मिलिमीटरचे गेज ए-पिलरवर (पुढच्या काचेशेजारच्या खांबावर) नजरेच्या टप्प्यात येतात, परंतु गाडीला पडदा एअरबॅग असेल तर ती त्याच पिलरच्या आतून उघडते आणि तिथे स्क्रूने पॉड (गेजचे घर) बसवणे धोक्याचे ठरते. अशा गाडीत डॅशबोर्डच्या वर किंवा स्टिअरिंगच्या बाजूला जागा करावी.

इंजिन सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे प्रत्येक जोड बघावा, फिटिंगच्या आजूबाजूला काजळीची रेघ दिसते का ते पाहावे. मग रिकाम्या गाडीने आणि नंतर नेहमीच्या लोडने तीच चढण चढून दाब आणि तापमानाचे आकडे वहीत लिहावेत. पुढे कधी त्याच चढणीवर दाब कमी आणि एक्झॉस्टचे तापमान जास्त दिसले, तर इंटरकूलरच्या नळ्या आणि एअर फिल्टर आधी तपासावा. फिटिंग काही वेळा तापून थंड झाल्यावर, इंजिन गार असताना, एकदा पाना लावून घट्ट आहे का ते पाहावे.