दोन-तीन दिवसांच्या मुंबई मुक्कामासाठी स्वस्त खोली कशी शोधावी

मुंबईत दोन-तीन दिवसांसाठी उतरायचे असेल, तर बहुतेक जण शोधाची सुरुवात भाड्याच्या आकड्यापासून करतात आणि तिथेच चुकतात. या शहरात खोलीचे खरे भाडे पावतीवर लिहिलेले नसते. रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च, गाडीत उभे राहून घालवलेले तास आणि ज्या रात्री आपण त्या खोलीत झोपलोच नाही त्या रात्रींचे पैसे, हे सगळे त्यात मिळवावे लागते. म्हणून आधी आपले काम कोणत्या रेल्वेमार्गावर आहे ते पाहावे, मग स्थानक ठरवावे आणि खोलीचा शोध सर्वांत शेवटी घ्यावा.

मंत्रालय, उच्च न्यायालय, गेटवे किंवा वस्तुसंग्रहालय यांपैकी कुठे जायचे असेल, तर सीएसएमटी किंवा चर्चगेट ही स्थानके सोयीची आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात व्हिसाच्या मुलाखतीसाठी जाणाऱ्याला किंवा अंधेरीच्या परीक्षा केंद्रावर सकाळी आठला पोहोचायचे असलेल्या विद्यार्थ्याला मात्र सीएसएमटीजवळच्या फोर्ट भागातल्या स्वस्त खोलीचा फारसा उपयोग नाही. काम एकाच ठिकाणी नसेल, तर दादर उत्तम, कारण तिथे पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग मिळतात. हार्बर मार्ग तिथून जात नाही, तो वडाळा आणि कुर्ला येथून जातो, हे बाहेरगावच्या माणसाला अनेकदा ठाऊक नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून या हिशेबात थोडा फरक पडला आहे. मरोळ नाका येथे ती घाटकोपर–वर्सोवा मेट्रोला मिळते आणि पुढे दादर, गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट अशी दक्षिण मुंबईत जाते. त्यामुळे एरवी केवळ विमानतळाचा परिसर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मरोळ-अंधेरी पूर्व भागात उतरूनही आता दक्षिण मुंबईची कामे लोकलच्या गर्दीत न शिरता करता येतात.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. तिथे टॅक्सी, बस किंवा पाय. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये आहे, म्हणजे छोट्या अंतराला फरक फार मोठा नाही. परंतु रात्री सामान घेऊन उतरल्यावर स्थानकापासून दीड किलोमीटरवरचे लॉज आणि समोरच्या गल्लीतले लॉज यांत जो फरक पडतो तो पैशांपुरता नसतो. एक हिशेब करून पाहू. समजा, तिघांच्या कुटुंबाला फोर्टात खोली २,४०० रुपयांना आणि पनवेलला १,५०० रुपयांना मिळते आहे. रोज ९०० रुपये वाचतात हे खरे, पण पनवेल ते सीएसएमटी हा हार्बरचा प्रवास एका बाजूने सुमारे सव्वा तासाचा आहे, आणि एखाद्या रात्री नाटक किंवा जेवण लांबून शेवटची लोकल चुकली तर टॅक्सीवाला दोन दिवसांची बचत एका फेरीत वसूल करतो. उलट, एकटा माणूस संध्याकाळी सातला काम आटोपून परतणार असेल, तर वाशी, बेलापूर किंवा ठाण्यातली खोली त्याला खरोखरच स्वस्त पडते. लोकल मध्यरात्रीनंतर काही तास बंद असतात आणि रविवारी दिवसा देखभालीसाठी मेगाब्लॉक, म्हणजे काही मार्गांवर काही तास वाहतूक बंद, असतो. शनिवार-रविवारचा मुक्काम असेल, तर कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे हे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून घ्यावे.

आता रात्रींचा हिशेब. कोल्हापूर, नागपूर, नांदेड किंवा कोकणातून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या आणि एसटीच्या बस मुंबईत पहाटे किंवा सकाळी पोहोचतात, आणि हॉटेलची खोली मात्र दुपारी बारानंतर ताब्यात मिळते. लवकर खोली हवी असेल तर अर्ध्या दिवसाचे, क्वचित पूर्ण दिवसाचे भाडे मागतात. यावर दोन उपाय आहेत. जुन्या पद्धतीची अनेक लॉज अजूनही चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देतात, म्हणजे सकाळी सातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सोडायची. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यासाठी ही सर्वांत किफायतशीर व्यवस्था होय, म्हणून फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता ‘चेक-आउट बाराचा की चोवीस तासांचा’ हा विचारावा. दुसरा उपाय म्हणजे येणे आणि जाणे दोन्ही रात्रीच्या गाडीने ठेवून सामान स्थानकावरच्या क्लोक रूममध्ये ठेवणे. मोठ्या स्थानकांवर ही सोय असते. बॅगेला कुलूप लागते आणि प्रवासाचे तिकीट जवळ ठेवावे लागते. अंघोळ प्रतीक्षागृहात उरकली, की दोन दिवसांच्या कामाला खोली एकाच रात्रीची पुरते.

रेल्वेच्याच विश्रामकक्षांचा, म्हणजे रिटायरिंग रूमचा, विचार लोक अजूनही फारसा करत नाहीत. सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रल येथे ही सोय आहे. त्यासाठी निश्चित किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर क्रमांक लागतो, आरक्षण आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर होते, आणि मुक्कामाची कमाल मर्यादा ४८ तासांची असते. प्रवासाच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या स्थानकावरच ही खोली मिळते. मधल्या स्थानकावर नाही. स्थान इतके मोक्याचे आणि भाडे इतके माफक असल्यामुळे या खोल्या लवकर भरतात, म्हणून रेल्वेचे तिकीट निश्चित होताच त्याच बैठकीत खोलीचाही प्रयत्न करावा. तिकीट आज आणि खोली पुढच्या आठवड्यात, असे केले तर बहुधा हाती काही लागत नाही. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेलही सुरू झाले आणि पुढे सीएसएमटीलाही तशी सोय झाली. पॉड म्हणजे एका माणसाला झोपता येईल असा वातानुकूलित कप्पा. एका रात्रीसाठी, एकट्यासाठी आणि बंद जागेची भीती नसणाऱ्यासाठी तो चांगला; दोघे-तिघे असाल तर तितक्याच पैशांत साधी खोली मिळू शकते.

लॉज शोधताना भाग निवडणे महत्त्वाचे आहे. सीएसएमटीसमोरच्या फोर्टात जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर अनेक लहान लॉज आहेत. त्यांतल्या काहींना लिफ्ट नाही, काहींची न्हाणीघरे सामाईक आहेत आणि काही खोल्या प्लायवूडची भिंत घालून एकाच्या दोन केलेल्या आहेत. ‘खिडकी आहे का, आणि ती कुठे उघडते’ हा प्रश्न मी आता न चुकता विचारतो, कारण एकदा मी घेतलेल्या खोलीची खिडकी शेजारच्या खोलीत उघडत होती. दादरला भाडे थोडे जास्त पडते, पण खानावळी, फुलबाजार आणि दोन्ही बाजूंचे फलाट हाताशी असतात. ग्रँट रोड ते मुंबई सेंट्रल या पट्ट्यात भाडी उतरतात. मात्र तिथे एका गल्लीत आणि शेजारच्या गल्लीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, त्यामुळे कुटुंबासह उतरणाऱ्याने आधी पैसे न भरता जागा पाहूनच खोली घ्यावी. कुलाब्याजवळच्या वायडब्ल्यूसीए आणि मुंबई सेंट्रलच्या वायएमसीए या संस्थांची अतिथिगृहे सर्वांत स्वस्त नाहीत, पण स्वच्छता आणि सुरक्षितता यांना महत्त्व देणाऱ्याने, विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी, तिथे आधी चौकशी करावी. तरुणांसाठी अंधेरी-वांद्रे भागात हॉस्टेले आहेत, जिथे खोलीऐवजी कॉटचे भाडे भरायचे असते. त्यांतली बरीच मुंबई-ठाण्याचा पत्ता असलेले ओळखपत्र स्वीकारत नाहीत, म्हणून कल्याणहून परीक्षेसाठी येणाऱ्याने हे आधी विचारलेले बरे.

धर्मशाळांविषयी जरा सविस्तर लिहायला हवे. काळबादेवी, भुलेश्वर, सी. पी. टँक या भागांत गुजराती, मारवाडी आणि जैन समाजाच्या जुन्या धर्मशाळा आहेत; त्यांपैकी काही केवळ आपल्या समाजासाठी असतात, काही ओळखीच्या चिठ्ठीवर खोली देतात आणि अनेक ठिकाणी एकट्या माणसाला खोली मिळत नाही. संकेतस्थळावर त्यांची माहिती क्वचितच पुरी असते, म्हणून फोन करूनच विचारावे. परळ-दादर भागातल्या काही धर्मशाळा मात्र पर्यटकांसाठी नाहीत, हे ध्यानात ठेवावे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्था टाटा रुग्णालय व आसपासच्या रुग्णालयांत उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची सोय करतात. आपला प्रवास उपचारासाठीच असेल, तर खोली शोधत रस्त्यावर फिरण्याऐवजी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात आधी जावे. अशा ठिकाणांसाठी लागणारे पत्र आणि माहिती तिथे मिळते.

याशिवाय एक मार्ग असा आहे की जो कोणत्याही ॲपवर सापडणार नाही. गिरण्यांच्या काळात घाटावरच्या आणि कोकणातल्या अनेक गावांनी लालबाग, परळ, वरळी भागातल्या चाळींत गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. मुंबईत नोकरीला आलेला गावकरी तिथे अंथरूण टाकण्यापुरती जागा घेऊन राहत असे. गोव्याच्या गावांचे ‘कूड’ हे धोबी तलावच्या परिसरातले तसेच प्रकरण. बोटीवर जाणाऱ्या गोंयकारांनी ते वर्षानुवर्षे भरलेले असत. गिरण्या गेल्या, अनेक चाळींच्या जागी मनोरे आले, तरी अशा काही खोल्या आणि कूड अजून टिकून आहेत. आपल्या गावाचे मुंबई मंडळ असेल, तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारून पाहावे. सोय अर्थातच चटईपुरती असते आणि बहुधा पुरुषांसाठीच. त्याचप्रमाणे बँका, आयुर्विमा महामंडळ किंवा तत्सम आस्थापनांत नोकरी करणाऱ्यांनी, निवृत्तांनीसुद्धा, आपल्या संस्थेचे विश्रामगृह मुंबईत आहे का याची कार्यालयात विचारणा करावी. ओळखीच्या आमदाराच्या पत्रावर आमदार निवासात उतरण्याची जुनी पद्धत सर्वांना माहीत आहे. पण तिच्या भरवशावर परतीचे तिकीट काढू नये, कारण अधिवेशन सुरू झाले की त्या पत्राची किंमत संपते.

दोन-तीन ठिकाणे निश्चित झाली, की ॲपवरचा दर आणि थेट फोनवरचा दर यांची तुलना करावी. ॲपवर पहिल्या पानावर दिसणाऱ्या दरात अनेकदा कर धरलेला नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे; त्याआधी तो १२ टक्के होता, त्यामुळे कोणी जुन्या दराने कर लावत असेल तर तसे सांगावे. कर घेतला असेल तर बिलावर १५ अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक असायलाच हवा. नोंदणी नसलेल्या लहान लॉजला कर वसूल करता येत नाही. फोनवर बोलताना तिसऱ्या माणसाच्या गादीचे पैसे वेगळे का, गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत येते, रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो आणि अनामत रक्कम किती, एवढे विचारून घ्यावे. जोडप्यांनी ‘दोघांची ओळखपत्रे चालतील ना’ हेही स्पष्ट विचारावे. अविवाहित जोडप्याला खोली देण्यास कायद्याने बंदी नाही, पण प्रत्येक लॉजचे स्वतःचे नियम असतात आणि रात्री अकरा वाजता काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

आगाऊ पैशांबाबत सावध राहणे आवश्यक आहे. धर्मशाळा आणि अतिथिगृहे यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून किंवा नकाशावरच्या नोंदीतला फोन क्रमांक बदलून फसवणूक करणारे आहेत. समोरचा माणूस पूर्ण रक्कम एखाद्या खासगी यूपीआय क्रमांकावर लगेच मागत असेल, ‘आता एकच खोली उरली आहे’ अशी घाई करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ‘तिथे आल्यावर पैसे’ हा पर्याय असेल तर दर थोडा जास्त असला तरी तोच घ्यावा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढे वळते होण्याआधी ते रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

तारीख आपल्या हातात असेल तर काही दिवस टाळावेत. ६ डिसेंबरच्या आधीपासून दादर परिसर चैत्यभूमीला येणाऱ्या अनुयायांनी भरून जातो, गणेशोत्सवात लालबाग-परळकडे खोली मिळणे कठीण असते आणि ३१ डिसेंबरला दक्षिण मुंबईतले दर चढलेले असतात. पावसाळ्यात उलट दर उतरतात, पण तेव्हा तळमजल्यावरची खोली घेऊ नये आणि स्थानकापासून पायी जाता येईल अशीच जागा पाहावी.

पोहोचल्यावर नोंदवहीत सही करण्याआधी खोली पाहण्याचा आग्रह धरावा. नळ सोडून पाहावा, पंखा आणि दाराची आतली कडी तपासावी, चादर बदललेली आहे का ते पाहावे. ओळखपत्र म्हणून पत्ता असलेले कागदपत्र लागते, पॅन कार्ड बहुधा चालत नाही. आधार द्यायचे असेल तर पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढून ठेवावी आणि मूळ कार्ड काउंटरवर ठेवून जाऊ नये. अनामत दिली असेल तर तिची पावती वेगळी घ्यावी. शेवटच्या दिवशी गाडी रात्रीची असेल, तर खोली वेळेवर सोडून सामान संध्याकाळपर्यंत काउंटरमागे ठेवू देतात का, हे सकाळी नव्हे, पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. बहुतेक लॉजवाले पैसे न घेता ठेवू देतात, आणि नाही म्हणाले तर क्लोक रूमच्या रांगेसाठी अर्धा तास हाताशी धरावा.