या चुका टाळा: ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं कॉम्प्युटर अकाउंट डिलीट करण्याआधी

ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे विंडोज नेटवर्कमधल्या युजर आणि कॉम्प्युटरच्या अकाउंटची मध्यवर्ती नोंदवही, आणि त्या नोंदवहीखाली चालणारं नेटवर्क म्हणजे डोमेन. लॉगिन करताना ‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड’ (मशीन आणि डोमेनमधला विश्वास तुटला) असा मेसेज आला, की अनेक ठिकाणी एकच उपाय होतो: अकाउंट डिलीट करा आणि मशीन पुन्हा डोमेनला जोडा. मशीन चालू होतं, म्हणून हीच सवय पडते. पण नवं अकाउंट म्हणजे नवा एसआयडी, म्हणजे अकाउंटचा अंतर्गत ओळख क्रमांक. जुन्या अकाउंटची ग्रुप मेंबरशिप जाते आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की डिरेक्टरीत ठेवत असाल, तर तीही अकाउंटबरोबरच जाते. पुढे कधी त्या लॅपटॉपने ती की मागितली, तर युजरचा सगळा डेटा अडकून पडतो.

युजरसारखाच कॉम्प्युटरलाही पासवर्ड असतो. मशीन स्वतःच तो साधारण दर ३० दिवसांनी बदलतं. त्यामुळे ‘लॅपटॉप चार महिने बंद होता, म्हणून ट्रस्ट तुटला’ हे निदान सहसा चुकीचं ठरतं. हा पासवर्ड डोमेनच्या बाजूने एक्सपायर होत नाही. मशीन सुरू झाल्यावर जुन्याच पासवर्डने ओळख पटते आणि मग तो बदलला जातो. खरं कारण बहुधा वेगळं निघतं: व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर (आधी जतन केलेल्या स्थितीवर) नेलेलं असतं, त्याच नावाचं दुसरं मशीन जोडलेलं असतं, किंवा कुणीतरी चालू मशीनच्या अकाउंटवर ‘रिसेट अकाउंट’ दाबलेलं असतं. हे आधी विचारून घ्या, नाहीतर महिन्याभरात तोच कॉल परत येईल.

दुरुस्तीला पॉवरशेलमधली ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल’ ही कमांड ‘रिपेअर’ पर्यायासह पुरते. ती त्याच मशीनवर, ॲडमिन म्हणून चालवायची आणि डोमेनमधल्या अधिकार असलेल्या अकाउंटचं क्रेडेन्शियल द्यायचं. लोकल ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच माहीत नसेल, तर नेटवर्क केबल काढा. आधी त्या मशीनवर लॉगिन केलेलं, ॲडमिन अधिकार असलेलं डोमेन अकाउंट कॅशमधून, म्हणजे मशीनवर साठवलेल्या आधीच्या लॉगिनवरून, आत घेतं. मग केबल लावून कमांड चालवा. त्याआधी मशीनचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) डोमेन कंट्रोलरकडेच, म्हणजे डोमेनची अकाउंट सांभाळणाऱ्या सर्व्हरकडेच, वळवलेला आहे ना, आणि दोघांच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक नाही ना, हे पाहून घ्या.

पुन्हा जॉइन करताना ०xएएसी एरर आली, तरी डिलीटकडे वळू नका. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून दुसऱ्याने तयार केलेलं अकाउंट वापरायला विंडोज सहसा नकार देतं. ज्या अकाउंटने मशीन मुळात जोडलं होतं, त्यानेच जोडा, किंवा विश्वासू मालकांची नावं ग्रुप पॉलिसीत (डोमेनभर लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) घाला.

न वापरलेल्या अकाउंटच्या साफसफाईत तर याहून मोठं नुकसान होतं. एकाच डोमेन कंट्रोलरवरचं ‘लास्टलॉगऑन’ (शेवटच्या लॉगिनची वेळ) पाहून यादी करू नका, ते इतर कंट्रोलरकडे जातच नाही. ‘लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प’ जातं, पण ते दोन आठवड्यांपर्यंत मागे असू शकतं. म्हणून शेवटच्या लॉगिनपासून ९० दिवसांची मर्यादा मला सुरक्षित वाटते. आधी डिसेबल करा, डिस्क्रिप्शनमध्ये तारीख लिहा, महिनाभर थांबा, मगच डिलीट करा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं रिसायकल बिन सुरू आहे का, तेही आजच पाहा: ते आपोआप सुरू नसतं आणि नंतर सुरू केलं, तर आधी डिलीट झालेलं त्यातून परत मिळत नाही.

आणखी एक डिफॉल्ट सेटिंग बदलायलाच हवं. कोणताही साधा युजर दहा मशीन डोमेनला जोडू शकतो. ‘एमएस-डीएस-मशीनअकाउंटकोटा’ शून्य करा आणि जॉइनचा अधिकार ठराविक ओयूवर (डिरेक्टरीतल्या विभागावर) ठराविक ग्रुपलाच द्या.