कोल्हापुरात दोन रात्रींसाठी खोली शोधताना

शनिवार-रविवार जोडून कोल्हापूरला जायचे ठरले की बहुतेक जण आधी मोबाइलवर हॉटेलांची यादी उघडतात, भाड्याप्रमाणे ती लावून घेतात आणि मग मिळालेल्या खोलीभोवती आपला प्रवास बसवू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. दोन रात्रींच्या मुक्कामात वेळच मोजका असतो. म्हणून शहरात किती वाजता पोहोचणार, अंबाबाईच्या दर्शनाला पहाटे जाणार की रात्री आणि सोबत स्वतःची गाडी आहे की नाही, एवढे आधी ठरवावे. खोली कोणत्या भागात हवी, हे त्यातूनच ठरते.

पोहोचण्याची वेळ मी पहिली मांडली, त्याला कारण आहे. मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सातनंतर कोल्हापुरात येते, आणि बऱ्याच हॉटेलांचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो. मधले चार-साडेचार तास अंघोळीवाचून, बॅगा सांभाळत काढावे लागतात. परतीची गाडीही रात्रीची, म्हणजे शेवटच्या दिवशी बाराला खोली सोडल्यावर पुन्हा तोच प्रश्न. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देणारे लॉज मिळतात. सकाळी साडेसातला किल्ली घेतली तर दुसऱ्या दिवशी साडेसातपर्यंत खोली आपली. रेल्वेने येणाऱ्याने भाड्यातील शे-दोनशे रुपयांच्या फरकापेक्षा ही सोय आधी पाहावी. ती नसेल, तर लवकर प्रवेशाचे किती पैसे पडतील आणि शेवटच्या दिवशी सामान संध्याकाळपर्यंत ठेवून घेतील का, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे.

आता भाग. पहाटेचे दर्शन हवे असेल, तर महाद्वार रोड, ताराबाई रोड किंवा भवानी मंडपाच्या परिसरात उतरावे. काकड आरतीच्या वेळी पायी मंदिरात पोहोचता येते, आणि ज्येष्ठ मंडळींना दुपारी तासभर पाठ टेकायला परत येता येते. येथे धर्मशाळा आणि यात्री निवासही आहेत. खर्च कमी, पण खोल्या साध्या, रात्री दार लवकर बंद होते आणि काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. गाडी घेऊन येणाऱ्याने मात्र या भागाचा मोह टाळावा. रस्ते अरुंद आहेत, गर्दीच्या दिवशी वाहने अलीकडेच अडवतात, आणि मग बिंदू चौकातील वाहनतळावर जागेची वाट पाहत बसावे लागते. अशांसाठी ताराबाई पार्क चांगला: रस्ते रुंद, आवारात गाडी लागते आणि मंदिर रिक्षाने फार लांब नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर रमतगमत फिरायचे असेल, तर तलावाच्या बाजूचे हॉटेल पाहावे. महामार्गालगतची हॉटेले पुढे गोव्याला किंवा बेळगावला जाणाऱ्यांना सोयीची. शहर पाहायला आलेल्याने तेथे उतरू नये.

नकाशा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नकाशावर ताराराणी चौक असा जो भाग दिसतो, त्याला गावात अजूनही सर्रास कावळा नाका म्हणतात. पुण्या-मुंबईच्या खासगी बसचा क्लीनर ‘कावळा नाका, कावळा नाका’ असे ओरडत असताना ताराराणी चौकाची वाट पाहत बसून राहिलेले प्रवासी मी पाहिले आहेत.

छायाचित्रांवर विसंबू नये, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. एका लॉजच्या छायाचित्रात मोठी खिडकी आणि तिच्यावर पिवळा पडदा होता. खोलीत गेल्यावर पडदा सारला, तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावर सांडपाण्याचे नळ आणि खाली हॉटेलच्या मुदपाकखान्याचा पंखा. रात्री अकरापर्यंत तांबड्या रश्श्याच्या फोडणीचा ठसका उशीपर्यंत येत होता. व्यवस्थापकाने शांतपणे सांगितले, “साहेब, खिडकी आहे म्हटलं होतं, उजेड आहे म्हटलं नव्हतं.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तेव्हापासून मी थेट फोन करतो आणि खिडकी कोणत्या बाजूला उघडते, लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत असते, हे विचारतो. शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. अनेक लॉजमध्ये गरम पाणी सकाळी ठरावीक तासांतच सोडतात, आणि काकड आरतीला निघणाऱ्याला सहाला येणाऱ्या पाण्याचा काही उपयोग नसतो. भाडे सांगितल्यावर ते करासह की करावेगळे, हेही स्पष्ट करून घ्यावे. रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी लागतो.

तारखा निवडण्याची मुभा असेल, तर नवरात्र, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा आणि दिवाळीची सुट्टी सोडून जावे. किरणोत्सवाचे दिवस अनेकांच्या लक्षात राहत नाहीत: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात, आणि ते पाहायला गर्दी होते. आडवारी शहर मोकळे मिळेल, असेही आता गृहीत धरू नये. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे बसू लागल्यामुळे सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार कामाच्या दिवशी मुक्कामाला येतात.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने रद्द केल्यास पैसे परत मिळणारे आरक्षणच करावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली होती. निघण्यापूर्वी बातम्यांत पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहावी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आकडा ३९ च्या पुढे सरकत असेल, तर बेत पुढे ढकलणे शहाणपणाचे. शाहूपुरीचा जयंती नाल्याकडचा सखल भागही पावसाळ्यात टाळावा.

प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र सोबत असू द्यावे. पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळे ते बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. आधारची प्रत द्यायची झाल्यास शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावी. नोंदवहीत सही करण्यापूर्वी ‘जरा खोली पाहतो’ असे म्हणून वर जावे, नळ सोडून पाहावा आणि पडदा आठवणीने सारावा.