टाकसाळीची चूक की नंतरची इजा? नाणी पारखायला शिकतानाचा अनुभव

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी माझे पहिले ‘ब्रोकेज’, म्हणजे टाकसाळीतल्या चुकीने एका बाजूला दुसऱ्या बाजूचेच चित्र उलटे उमटलेले नाणे, विकत घेतले. दहा पैशांचे, ॲल्युमिनियमचे, पाकळीदार कडेचे नाणे होते आणि ज्या बाजूला १० हा आकडा असायला हवा त्या बाजूला सिंहमुद्रा उलटी व खोलगट उमटलेली दिसत होती. विक्रेत्याने सांगितलेले तीनशे रुपये मी फारशी घासाघीस न करता दिले आणि घरी पोहोचेपर्यंत ते नाणे दोनदा खिशातून काढून पाहिले. ते टाकसाळीत चुकलेले नव्हते. कोणीतरी ते दुसऱ्या नाण्याला चिकटवून व्हाइसमध्ये (दोन जबड्यांत वस्तू घट्ट धरणाऱ्या पकडीत) आवळले होते, आणि हे कळायला मला चार महिने लागले.

नवीन संग्राहक नाण्यात वेगळे काय आहे एवढेच पाहतो. मीही तेच करत होतो. खरा प्रश्न असा असतो की हे वेगळेपण नाणे तयार होण्याच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर येऊ शकले असते. यंत्रावर नाणे पाडताना धातूच्या पट्टीतून आधी कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड दाबून किंचित उचलतात, आणि मग ती चकती दोन ठशांच्या मध्ये, बाहेरून बांगडीसारखे कडे बसवून, एका दाबात छापली जाते. चूक चकतीत असेल, ठशात असेल किंवा छापण्याच्या क्षणी झालेली असेल. यांपैकी एकाही टप्प्यावर बोट ठेवता येत नसेल, तर नाण्याला बाहेर आल्यावर इजा झाली आहे असे धरून चालावे. या नियमाने माझे बरेच पैसे वाचले आहेत.

आता ते दहा पैशांचे नाणे पुन्हा पाहू. खरे ब्रोकेज तयार होते ते असे: आधी छापलेले नाणे बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहते आणि पुढची कोरी चकती त्या चिकटलेल्या नाण्यावरच दाबली जाते. इथे चिकटलेले नाणे आकड्याच्या ठशावर बसलेले असणार, म्हणजे नव्या चकतीच्या एका बाजूला ठशामुळे सिंहमुद्रा नेहमीसारखी उठावदार येईल, आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्यावरची सिंहमुद्रा उलटी व खोल उमटेल. आकड्याच्या ठशाचा या चकतीला स्पर्शच झालेला नसल्यामुळे १० चा मागमूसही उरता कामा नये. माझ्या नाण्यावर मात्र दहापट भिंगाखाली उलट्या सिंहांच्या खालून चपट्या झालेल्या शून्याची कड स्पष्ट दिसत होती. शिवाय फक्त उंच भाग, म्हणजे अक्षरे आणि सिंहांची डोकी, आत रुतलेली होती. आजूबाजूच्या सपाट पृष्ठभागावर दुसऱ्या नाण्याचा पृष्ठभाग टेकल्याची खूण नव्हती. नाणे पालटले तर त्या बाजूची सिंहमुद्रा व्हाइसच्या जबड्याने चेपून गुळगुळीत झालेली. ही तिसरी खूण सर्वांत सोपी आहे आणि नेमकी तीच मी बाजारात पाहिली नव्हती, कारण माझे सगळे लक्ष त्या उलट्या चित्राकडे होते.

चकतीतल्या चुकांपैकी नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा येते ते कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असलेले नाणे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की कापणारा पंच आधीच्या छिद्रावर थोडासा चढतो आणि चकतीचा तेवढा भाग आधीच गेलेला असतो. अशा नाण्यात कापलेल्या वळणाजवळची अक्षरे कडेकडे ओढल्यासारखी, पसरट होतात, कारण छाप बसताना धातू त्या मोकळ्या जागेकडे सरकतो. आणि बरोबर समोरच्या बाजूची कड बहुधा पुसट राहते, कारण कड उचलताना रिकाम्या बाजूमुळे तिथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. घरी कात्रीने किंवा कानसीने काढलेल्या तुकड्याजवळ मात्र अक्षर मधेच कड्यावरून तुटल्यासारखे संपते, आणि समोरची कड ठणठणीत असते. तुटलेल्या जागेपेक्षा तिच्या समोरची जागा आधी पाहण्याची सवय मी मुद्दाम लावून घेतली.

ठशातल्या चुकांसाठी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ठशावर चित्र खोदलेले असते, म्हणून ठशाला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक, उठावदार रेघ येते. आत गेलेली रेघ हा बहुतेक वेळा ओरखडाच असतो. अपवाद आहे: ठसा आणि चकती यांच्यामध्ये तार, धागा किंवा वंगण अडकले तर खोलगट खूण खुद्द टाकसाळीतच पडते, पण तिच्या काठावर धातू खरवडून वर आलेला नसतो, ओरखड्याच्या काठाला असा वर आलेला धातू भिंगातून सहज दिसतो. ठसा फिरलेला असण्याची चूक तपासणे सर्वांत सोपे. स्वतंत्र भारताची नाणी सिंहमुद्रा सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखी पालटली की मागची बाजूही सरळच यायला हवी. ती तिरकी आली तर ठसा फिरलेला होता, आणि अशी बनवाबनवी घरबसल्या जवळजवळ अशक्य असल्यामुळे मी नवीन मंडळींना सुरुवात इथूनच करायला सांगतो. दहा रुपयांच्या द्विधातू (दोन धातूंच्या) नाण्यात मात्र थांबावे, कारण मधली चकती ठोकून काढून उलटी बसवता येते. अशा नाण्यांच्या सांध्यावर हत्याराच्या खुणा शोधाव्यात.

जुन्या नाण्यांकडे वळल्यावर हीच मोजपट्टी बदलावी लागते. शिवराईवर ‘छत्रपती’ मधले एखादे अक्षर कडेबाहेर गेले म्हणून ती ‘ऑफ सेंटर एरर’, म्हणजे छाप मध्यावरून सरकल्याची चूक, ठरत नाही. हाताने घाव घालून पाडलेल्या या तांब्याच्या नाण्यांचे ठसे बहुधा चकतीपेक्षा मोठे असत, त्यामुळे पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर सापडणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे. मला एकाने अशी शिवराई चौपट किमतीला देऊ केली होती. तो फसवत होता असे मला वाटत नाही, त्याचाही समज तसाच होता. रुपयांवरचे छोटे ठोकलेले शिक्केही टाकसाळीचे नसतात. आत चांदीच आहे ना हे पाहण्यासाठी सराफांनी केलेल्या त्या खुणा असतात.

व्हिक्टोरिया किंवा पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयांत सर्वांत जास्त आढळणारी इजा दागिन्यांतून आलेली असते. आपल्याकडे हे रुपये गळ्यात घालण्याची पद्धत होती आणि त्यासाठी वरच्या कडेला कडी डाखलेली (वितळलेल्या धातूने जोडलेली) असे. कडी काढून टाकल्यावर तिथल्या कडेवरचे दाते पुसले जातात, डाखाचा पिवळसर किंवा करडा डाग राहतो, आणि विक्रेता कधीकधी त्यालाच ‘कडेवरचा एरर’ म्हणतो. हा रुपया मूळ ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा होता. झिजून थोडे वजन कमी भरणे स्वाभाविक आहे. जास्त भरले तर डाख किंवा भरणी शोधावी. १९४३ ते १९४७ या काळातल्या भोकाच्या पैशाचेही तसेच: भोक चुकीच्या जागी आहे की नंतर दुसरे पाडले आहे, हे भोकाच्या आतल्या कडेवर बोटाने चाचपले तरी बऱ्याचदा कळते, कारण ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड हाताला टोचते.

साहित्य फार लागत नाही. दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्यास-जाडी मोजायला व्हर्नियर, आणि तुलनेसाठी त्याच प्रकारचे एक साधे, न चुकलेले नाणे. हे शेवटचे लोक विसरतात. मोबाइलच्या फोटोवरून मत द्यायचे मी बंद केले आहे, कारण प्रकाश उलट्या बाजूने पडला की खोलगट अक्षर उठावदार भासते. जुन्या नाण्यांचे लाखो रुपये देतो असे सांगून आधी ‘शुल्क’ मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. तसा फोन आला तर नाणे तपासत बसू नये, फोन ठेवावा.

तीनशे रुपयांचे ते दहा पैसे मी विकले नाहीत. ते एका पाकिटात आहे, त्यावर ‘व्हाइस’ एवढेच लिहिले आहे, आणि नवीन कोणी शिकायला आले की मी ते काही न सांगता त्याच्या हातात देतो. आजवर बहुतेकांनी मागची बाजू पाहिलेली नाही.