चेक बाउन्स झाल्यावर तारखा अशा सांभाळल्या

चेक पुण्याच्या खात्याचा होता, तरी केस इंदूर जिल्हा न्यायालयातच लावता आली. चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) 2015 च्या दुरुस्तीनंतर, चेक घेणाऱ्याचं म्हणजे आपलं खातं ज्या शाखेत, तिथलं न्यायालय चालतं. रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत नोटीस स्पीड पोस्टाने धाडली. मागणी चेकवरच्या आकड्याचीच हवी, रुपयाचाही फरक नको. व्याज, वकिलाची फी त्यात मिसळली की नोटीसच बाद ठरते, आणि खरं येणं असूनही माणूस हरतो, हे फार वाईट. व्याज आणि फी वेगळ्या ओळीत मागा. पाकीट ‘लेने से इनकार’ अशा शेऱ्यासह परत आलं, तरी सहसा नोटीस पोहोचली असंच धरतात. ते न फोडता जपा. नोटीस पोहोचल्यावर 15 दिवस थांबायचं, त्याआधीची तक्रार टिकत नाही. मग महिन्याभरात याच कायद्याच्या कलम 138 खाली तक्रार.