शून्याचा आकडा आणि चौदावा डाव

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. इंदूरच्या लोकमान्य नगरात मी बुद्धिबळाचा वर्ग घेते, त्या खोलीच्या भिंतीवर प्रोजेक्टरने सिंगापूरचा पट लावला होता. डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा, शेवटचा डाव. गुण साडेसहा-साडेसहा. मुलं शाळेतून थेट दप्तरासकट आली होती. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि गुकेशकडे एक प्यादं जास्त. इंजिनाचा, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामचा, कोण किती पुढे ते सांगणारा आकडा बराच वेळ शून्याला चिकटलेला होता. मी मुलांना सांगून टाकलं, "बरोबरी होणार. उद्या टायब्रेक आहे, बरोबरी फोडणारे जलद डाव, उद्या या." बूट घालता घालता एका लहान मुलाने विचारलं, "ताई, मग गुकेश अजून का खेळतोय?" मी म्हटलं, "खेळावं लागतं म्हणून." प्रोजेक्टर बंद केला, खोलीला कुलूप लावलं.

घरी पोहोचेपर्यंत डिंगने हत्ती एफ२ वर नेला होता आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला होता. डाव संपल्यावर रडत रडत मोहरी परत जागेवर लावणारा गुकेश साऱ्या देशाने पाहिला. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो थेट पाहिला नाही, कारण मी त्यांना घरी पाठवलं होतं. अजून मनातून जात नाही ते.

म्हणून हे लिहिते आहे. मोठा सामना थेट बघायचा, सोबत इंजिन लावून त्याचा अर्थ लावायचा आणि जमलं तर तो चार जणांना समजावून सांगायचा, अशी इच्छा असलेल्यांसाठी. मोहरी कशी चालतात, चाली कशा लिहितात, स्टॉकफिश काय आहे हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

तयारीचं थोडक्यात. मोबाइलवरचं इंजिन चालतं, पण फोन तापला की त्याचा वेग पडतो आणि ते खोल जायला वेळ घेतं. साधा लॅपटॉप असेल तर उत्तम, नसेल तर अडून बसू नका. नवी चाल आली की पहिले काही सेकंद आकड्याकडे बघूच नका. डेप्थ म्हणजे इंजिन किती चाली पुढचं बघतंय ते; डेप्थ १५ ला दिसणारा आकडा आणि डेप्थ ३५ ला दिसणारा आकडा यांत कधी कधी जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक ओळ, म्हणजे इंजिनाने सुचवलेली चालींची एकच साखळी, दाखवायची सेटिंग बदलून तीन किंवा चार ओळी दाखवायला लावा. हे आजच करा. एकच ओळ दिसत असेल तर तुम्ही विश्लेषण करत नाही, निकाल वाचता.

आकड्याचा अर्थही बदलला आहे. पूर्वी +१.०० म्हणजे साधारण एक प्यादं वर, असं आम्हाला शिकवलं जायचं. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क आलं, आणि डिसेंबर २०२२ च्या आवृत्तीपासून मोजपट्टीच नव्याने आखली: +१.०० म्हणजे इंजिनाने इंजिनाशी खेळताना जिंकण्याची शक्यता निम्मी. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. इंजिनाने इंजिनाशी. त्या आकड्यात डिंग नाही, गुकेश नाही, चार तास खुर्चीवर बसून थकलेलं डोकं नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. ही पुन्हा पुन्हा सांगितली तरी मला पुरेशी वाटत नाही.

शून्य दिसलं की "काही नाही उरलं" असं मनात येतं. मलाही तेच वाटलं. पण ०.०० चा अर्थ एवढाच, की दोघेही इंजिनासारखे खेळले तर बरोबरी. हरण्याचा धोका कोणाला आहे, हे तो आकडा सांगत नाही. त्या डावात गुकेश हरण्याची शक्यता जवळपास नव्हतीच. हरू शकत होता तो फक्त डिंग. एकाला काहीच जोखीम नाही आणि दुसऱ्याला प्रत्येक चालीला सांभाळून राहायचं आहे, ही स्थितीही पडद्यावर शून्यच दिसते. राजा विरुद्ध राजा उरला तरी शून्यच दिसतं. मी या दोन्ही शून्यांना एकच समजले.

दुसरी गोष्ट मला त्या रात्री उमगली, आणि ती कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. इंजिन तुम्हाला चांगल्या चाली दाखवतं. चुकीची चाल ते ओळीत लावतच नाही. तुम्ही चार ओळी लावल्या तरी त्या चार सर्वांत चांगल्या चाली. माणूस जिथे पडणार तो खड्डा पडद्यावर कुठेच नसतो. हत्ती एफ२ ही चाल माझ्या भिंतीवर एकदाही दिसली नाही, कारण ती वाईट होती.

पण माणसाच्या नजरेने बघा. एक प्यादं कमी आहे, बरोबरी हवी आहे, तर मोहरी कमी करावीत असं कोणालाही वाटेल. हत्तीला हत्ती द्यावा. सरळ, स्वाभाविक विचार. घोळ असा होता की पांढऱ्याचा, म्हणजे डिंगचा, उंट ए८ च्या कोपऱ्यात बसला होता. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण असतो. ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर आला, हत्तीला हत्ती गेला, आणि गुकेशने आपला उंट डी५ वर आणून त्याच कर्णावर उभा केला. आता पांढऱ्याच्या उंटाला पळायला दुसरी वाट नाही. मारला तर काळा राजा परत मारतो, न मारला तर तो स्वतः मरतो. उंटही गेले. उरले दोन राजे आणि प्यादी, त्यात काळ्याचं एक जास्त. राजा ई३, राजा ई५, आणि ५८ व्या चालीला डिंगने डाव सोडला. हत्ती पटावर असताना जे प्यादं काही करू शकत नव्हतं, त्याच प्याद्याने सगळी मोहरी उतरल्यावर डाव जिंकून दिला.

हे शोधायला ग्रँडमास्टर असावं लागत नाही. मी त्या संध्याकाळी फक्त एवढं करायला हवं होतं: "डिंगच्या जागी मी असते तर काय खेळले असते?" असं स्वतःला विचारून ती चाल हाताने पटावर खेळायची. मी नक्की हत्ती देऊ पाहिले असते. खेळून बघितलं असतं तर पटाशेजारची, कोण पुढे ते दाखवणारी इंजिनाची पट्टी धाडकन खाली आली असती, आणि मी मुलांना म्हटलं असतं, "बसा. इथे एक खड्डा आहे. डिंग त्यात पडतो का बघू." त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही तेच होतं. गुकेश त्यासाठीच खेळत होता.

तेव्हा नियम म्हणा हवं तर: चांगली चाल इंजिनाला विचारा, वाईट चाल स्वतः शोधा. प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर तुम्हाला सहज सुचलेली चाल आधी खेळा आणि मगच आकडा बघा. आकडा पडला नाही तर पुढे चला. पडला तर तुम्हाला सांगण्यासारखं काहीतरी सापडलं.

याच्या उलट चूकही होते, आणि ती जास्त अन्यायाची आहे. २०१८ साली लंडनला कार्लसन-कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा सहावा डाव. कारुआना काळ्याकडून वरचढ, कार्लसन तटबंदी करून बसलेला. सेसे नावाच्या नॉर्वेतल्या ताकदवान संगणकावर स्टॉकफिश चालत होतं, त्याने दाखवलं की ६८ व्या चालीला उंट एच४ खेळला तर काळा जिंकतो, तीसहून जास्त चालींत मात. त्यात पुढे घोडा जी१ वर, पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत, जिथून त्याला परत येणं कठीण वाटावं अशा जागी न्यायचा होता. कारुआनाला ते दिसलं नाही, डाव बरोबरीत सुटला. आणि "कारुआनाने जिंकलेला डाव घालवला" असं ज्यांनी त्या चाली स्वतः शंभर वर्षं बसून शोधल्या नसत्या तेही म्हणू लागले. कृपा करून हे करू नका. जी वाट कोणत्याही माणसाला दिसणार नाही, ती चुकली म्हणून खेळाडूला दोष देता येत नाही. "इथे एक वाट होती, पण ती माणसाची नव्हती" एवढं म्हटलं तरी प्रामाणिकपणा राहतो.

घड्याळ बघायला शिका. मला हे फार उशिरा कळलं. सिंगापूरच्या सामन्यात पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती आणि त्यात प्रत्येक चालीला वाढीव वेळ नव्हता. ४१ व्या चालीपासून ३० सेकंद मिळू लागायचे. म्हणजे ३५ ते ४० या चालींमध्ये घड्याळात चार मिनिटं उरली असतील तर +०.८ चा आकडा विसरा, तिथे वेगळाच खेळ चालू असतो. मी आता वहीत प्रत्येक चालीपुढे उरलेली मिनिटं लिहिते. इंजिनाला हे काहीच माहीत नसतं.

काही बारीक गोष्टी, ज्यांनी नवख्याची घाबरगुंडी उडते. डाव संपला की निकाल कळवण्यासाठी राजे पटाच्या मधल्या घरांत ठेवतात. पटाखालची यंत्रणा त्याचीही चाल म्हणून नोंद करते, आणि पडद्यावर राजा अचानक उडी मारून मध्ये आलेला दिसतो. घाबरू नका, डाव संपला आहे. काही स्पर्धांत फसवणूक टाळायला चाली मुद्दाम पंधरा मिनिटं उशिरा दाखवतात, तेव्हा निकाल दुसरीकडे आधी कळतो. आणि पटावर राजे आणि प्यादी धरून सात किंवा कमी मोहरी उरली की इंजिन बाजूला ठेवून टेबलबेस उघडा, म्हणजे अशा सगळ्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं. तिथे अंदाज नसतो, खरं उत्तर असतं.

एक वाक्य स्पष्टच बोलते: स्वतः ऑनलाइन डाव खेळत असताना इंजिन उघडणं ही चोरी आहे. त्यावर चर्चा नको.

माझे गुरू, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, आजही लाकडी पट मांडून सामना बघतात. पोह्यांची बशी, त्यावर जिरावण मसाला, शेजारी रजिस्टर. चाल आली की ती लाकडी पटावर करतात, दोन मिनिटं बघतात, काळं पुढे की पांढरं एवढंच एका शब्दात लिहितात आणि मग माझ्याकडे वळून विचारतात, "तुझा डबा काय म्हणतो?" मी आधी याला जुनी सवय समजत होते. आता माझं ठाम मत झालं आहे, की लाकडी पट आणि वही याला पर्याय नाही. अचूकतेची टक्केवारी दाखवणारी, चालींना रंगीत चिन्हं लावणारी सोय शिकणाऱ्याला आळशी करते. तीस दिवसांत विश्लेषक बनवतो असं सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. मी दिले होते. हातात काय आलं, तर सुरुवातीच्या चालींची एक पाठ केलेली यादी. काकांनी एक पैसा घेतला नाही, फक्त रोज यायला लावलं.

असा कोणी काका तुमच्याजवळ नसेल तरी निराश होऊ नका. शेजारच्या कोणालाही समोर बसवा, ज्याला चाली तेवढ्या कळतात असा माणूस पुरे. त्याला "का?" विचारू द्या. इंजिन कधी का विचारत नाही, म्हणून आपणही विचारायचं विसरतो.

आणि चुका होतील. तुमचे अंदाज पहिले कित्येक महिने निम्म्याहून जास्त चुकतील, माझे चुकले. वहीत ते अंदाज खोडू नका. मी माझ्या पहिल्या वहीत खाडाखोड केली होती, त्यामुळे मी कुठे चुकायची ते आता मलाच सापडत नाही. हत्तींच्या शेवटात मी नेहमी जास्त आशावादी असते, हे मला दुसऱ्या वहीमुळे कळलं. तुमचं असंच काहीतरी निघेल. ते कळायला लागलं की सामना बघण्यात जी गोडी येते, ती आकड्याने कधी आली नव्हती.

२८ जुलै २०२५ ला बटुमीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचा महिला विश्वचषकाचा टायब्रेक होता. पावसात मुलं भिजत आली. मी पट्टी झाकून ठेवली होती, भिंतीवर फक्त पट आणि घड्याळं. दुसऱ्या जलद डावात मोहरी कमी झाली तशी मुलांची कुजबुज सुरू झाली, बरोबरी, बरोबरी. तो लहान मुलगा, आता त्याच्याकडे स्वतःची वही आहे, पुढे येऊन म्हणाला, "ताई, हंपीच्या जागी मी असतो तर काय चुकलो असतो, ते बघू?" आम्ही लाकडी पटावर त्याची चाल खेळलो, मग अजून एक. दिव्या जिंकली तेव्हा खोलीत सगळे होते. घरून फोन येत होते, आणि मी दोन आयांना सांगितलं की मुलांना मी स्वतः सोडायला येते.