मानसशास्त्र विनामूल्य शिकायचे असेल तर कोठून सुरुवात करावी

मानसशास्त्रावर इंटरनेटवर इतके साहित्य विनामूल्य पडून आहे की शिकणाऱ्याची अडचण साहित्य मिळवण्याची नसून ते कोणत्या क्रमाने वाचावे, ही असते. स्वभाव, नातेसंबंध, एकाग्रता यांवरचे छोटे व्हिडिओ महिनाभर पाहिले की पुष्कळ काही समजल्यासारखे वाटते. पण त्यातले एखादे विधान कशाच्या आधारावर केले आहे, असे कोणी विचारले तर उत्तर सुचत नाही. म्हणून सुरुवात व्हिडिओंनी न करता एका पाठ्यपुस्तकाने करावी आणि ते संपेपर्यंत दुसरे उघडू नये, असे माझे मत आहे.

त्यासाठी ओपनस्टॅक्सचे ‘सायकॉलॉजी’ हे पाठ्यपुस्तक पुरेसे आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या या उपक्रमाने २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली असून ते ब्राउझरमध्ये वाचता येते किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते. सोळा प्रकरणांपैकी मनोविकारांचे पंधरावे प्रकरण आधी उघडण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि ते वाचून संपेपर्यंत निम्म्या नातेवाइकांना कोणता ना कोणता विकार जडलेला दिसू लागतो. तो मोह टाळून संशोधनपद्धतीवरचे दुसरे प्रकरण प्रथम वाचावे. ते रुक्ष वाटेल, परंतु सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, म्हणजे दोन गोष्टी एकत्र बदलतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, ही एक गोष्ट तेथे पक्की झाली की पुढची चौदा प्रकरणे वाचण्याची दृष्टीच बदलते. इंग्रजी संज्ञा अडली तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा पंचवीस हजारांहून अधिक नोंदींचा शब्दकोश संकेतस्थळावर खुला आहे. मराठी पर्याय हवा असल्यास मराठी विश्वकोशातील नोंदी पाहाव्यात. दोन्ही भाषांतील संज्ञा एकाच वहीत समोरासमोर लिहीत गेल्यास पुढे फार सोय होते.

प्रकरण वाचून झाल्यावर ते पुन्हा वाचत बसू नये, पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढावे. हा सल्ला मानसशास्त्राच्याच संशोधनातून आलेला आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र स्वतःची परीक्षा घेतलेल्यांना जास्त आठवत होते. प्रकरणाच्या शेवटी दिलेले प्रश्न त्यासाठीच वापरावेत, आणि तेही लगेच न सोडवता काही दिवस जाऊ देऊन.

काही गोष्टी मात्र वाचण्यापेक्षा करून पाहिलेल्या बऱ्या. मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ मधील प्रयोग घरीही करता येतो. एका कागदावर लाल, हिरव्या, निळ्या आणि पिवळ्या रंगांचे वीस चौकोन रंगवावेत. दुसऱ्या कागदावर त्याच रंगांची नावे लिहावीत, पण ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईने, ‘हिरवा’ हा शब्द पिवळ्या शाईने, अशा रीतीने. मग दोन्ही कागदांवरील रंगांची नावे क्रमाने मोठ्याने म्हणावीत, दुसऱ्या कागदावर शब्द न वाचता शाईचा रंग सांगावा, आणि प्रत्येक वेळी किती वेळ लागला ते घड्याळावर मोजावे. दुसऱ्या कागदावर जीभ अडखळते, कारण वाचनाची सवय इतकी मुरलेली असते की शब्द न वाचणे आपल्या हाती राहत नाही. अक्षरओळख नसलेल्या लहान मुलाला ही अडचण येत नाही. असे अनेक प्रयोग सायटूलकिट या संकेतस्थळावर तयार स्वरूपात आहेत, आणि आपला प्रतिसाद किती मिलिसेकंदांत आला हेही तेथे दिसते.

व्याख्याने ऐकायची असतील तर येल विद्यापीठातील पॉल ब्लूम यांची वीस व्याख्याने किंवा एमआयटीतील जॉन गॅब्रिएली यांचा २०११ चा अभ्यासक्रम निवडावा. दोन्ही एकदम घेऊ नयेत. वर्तनामागील जीवशास्त्राची ओढ असणाऱ्यांसाठी स्टॅनफर्डमधील रॉबर्ट सापोल्स्की यांची २०१० ची व्याख्यानमाला आहे. ती लांब आहे, पण कंटाळवाणी नाही. ही सर्व ध्वनिचित्रणे २०१५ पूर्वीची आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्या वर्षी शंभर मानसशास्त्रीय अभ्यासांची पुनरावृत्ती करून पाहणारा एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोगाने सहसा न येणारे, निष्कर्ष होते. पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. त्यामुळे जुन्या व्याख्यानात ठामपणे सांगितलेला निष्कर्ष आज तितकाच ठाम आहे का, हे तपासूनच वहीत उतरवावे.

ही तपासणी कशी करावी, याचे चांगले उदाहरण मार्शमेलो प्रयोगाचे आहे. थांबल्यास जास्त मिळेल असे सांगितल्यावर समोरची मिठाई (मार्शमेलो) न खाता थांबणारी मुले पुढे अभ्यासात यशस्वी होतात, असे सर्रास सांगितले जाते. गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावर १९९० चा मूळ निबंध शोधला तर परीक्षेच्या गुणांशी जोडलेला तो संबंध अवघ्या ३५ मुलांच्या माहितीवर उभा असल्याचे दिसते, आणि ही मुले एका विद्यापीठाच्या आवारातील बालवाडीतली होती. निबंधाखालील ‘साइटेड बाय’वर, म्हणजे त्याचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या निबंधांच्या यादीवर, टिचकी मारून पुढच्या वर्षांकडे गेल्यास वॉट्स, डंकन आणि क्वान यांचा २०१८ चा निबंध सापडतो. त्यात ९१८ मुले होती. संबंध मूळच्या सुमारे निम्मा निघाला, आणि कुटुंबाची परिस्थिती व मुलांची आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर उरलेल्यातलाही दोन तृतीयांश गळून पडला.

निबंधाचे पान पैसे मागत असेल तर गूगल स्कॉलरमध्ये ‘ऑल व्हर्जन्स’ पाहावे, नाहीतर साय-आर्काइव्ह या मानसशास्त्रीय निबंधांच्या खुल्या संग्रहात लेखकाने ठेवलेली प्रत शोधावी. तेही जमले नाही तर लेखकालाच दोन ओळींचा ईमेल पाठवावा. आपला निबंध वाचायला मागणाऱ्याला बहुतेक संशोधक आनंदाने प्रत देतात. निबंध हाती आला की सारांशानंतर थेट पद्धतीचा भाग वाचावा आणि सहभागी किती होते, कोण होते, नेमके काय मोजले, हे तीन प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे मिळाल्यावरच निष्कर्षाकडे वळावे.